लाँड्रीच्या कोपऱ्यापर्यंत

बाप होणं ही जगातली सर्वांत मोठी जबाबदारी आहे, असं मास्तर समोरच्या रस्त्याकडे बघत गंभीरपणे म्हणाले, आणि मुलगी सीटखालून कधी बाहेर येते याची वाट बघत त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली.

“गेले का ते?” मागच्या सीटखालून आवाज आला.

“कोण?”

“निळी टोपी. आणि त्याच्याबरोबरचा.”

“निळी टोपी वळली. त्याच्याबरोबरचा बुटाची नाडी बांधतोय.”

“मुद्दाम बांधतो तो. त्याच्या बुटाला नाडीच नाहीये.”

मास्तरांनी पुन्हा पाहिलं. खरंच नव्हती. मुलगा उगाचच वाकून बुटाशी चाळा करत होता आणि तिरक्या नजरेनं पिवळ्या गाडीकडे बघत होता. शेवटी कंटाळून तोही गेला. मग मागचं दार वीतभर उघडलं. त्यातून आधी एक पाय आला, मग वेणी आली, आणि मग सबंध सातवी इयत्ता बाहेर येऊन, आपण या गाडीला जन्मात पाहिलेलं नाही अशा चालीनं चालू लागली.

“बटण, डबा!” मास्तर ओरडले.

मुलगी जागच्या जागी थिजली. मग मागे न वळता, उलट्या पावलांनी खिडकीपाशी आली.

“काय ठरलंय आपलं?” ती दातांतल्या दातांत म्हणाली.

“हॉर्न नाही. हात हलवायचा नाही.”

“आणि?”

“आणि बाहेर बटण म्हणायचं नाही.”

“मग?”

“सॉरी.”

डबा खिडकीतून हातात पडला, तोही चोरीचा माल द्यावा तसा. लाँड्रीच्या दुकानातला माणूस हे सगळं रोज बघत असे. आणि त्या वेळी हातात असलेल्या शर्टावर इस्त्री जरा जास्त दाबून फिरवत असे.

मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवत. त्यांची गाडी पिवळी होती, आणि साधी पिवळी नव्हे. जिच्याकडे बघून समोरचा माणूस आपोआप फुटपाथवर चढतो तसली. टपावर तिकोनी पाटी होती. मागच्या काचेवर हातभर अक्षरांत ‘शिकाऊ, सांभाळून घ्या’ असं लिहिलेलं होतं. पुढच्या दोन्ही सीटांपुढे ब्रेक आणि क्लच होते, म्हणजे शिकणाऱ्यानं दाबला नाही तर मास्तरांना दाबता यावा. एकूण गाडी अशी होती की तिच्यातून गुपचूप कुठे जाणं हे ढोल वाजवत लपंडाव खेळण्यासारखं होतं.

एके काळी हीच गाडी शाळेच्या गेटपाशी थेट जायची. पहिली-दुसरीत असताना बटण मास्तरांना हॉर्न वाजवायला लावायची, आणि निम्मा वर्ग गाडीला हात लावून बघायला धावत यायचा. जन्मली तेव्हा तिचं नाक शर्टाच्या बटणाएवढं होतं, म्हणून ते नाव. त्या काळी वर्गातली मुलंही तिला बटण म्हणत आणि मास्तरांना ‘पिवळे काका’. सुखाचे दिवस होते. मग सहावीत कुणीतरी मागच्या काचेवरची अक्षरं नीट वाचली. वाचून त्या मुलानं हिशेब मांडला, की हिचे बाबा ही पहिलीत होती तेव्हाही शिकाऊच होते, अजूनही शिकाऊच आहेत, त्याअर्थी ते दर वर्षी परीक्षेला बसतात आणि दर वर्षी आपटतात. आठवड्याभरात पिवळ्या काकांचे नापास काका झाले.

“मी येऊन समजावून सांगतो ना त्यांना,” मास्तर म्हणाले होते.

“बाबा, प्लीज. तू आलास तर म्हणतील, पुन्हा परीक्षेला आले.”

तेव्हापासून लाँड्रीचा कोपरा. मास्तरांनी वाद घातला नाही. फक्त आरशात बघत. पेट्रोल पंप मागे पडला की आरशातलं डोकं हळूहळू खाली सरकत जाई आणि शेवटी आरशात नुसती मागची काच उरे.

बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये सुई टोचायचं काम करत असे. दिवसभर लोकांना ‘थोडंसंच दुखेल’ असं सांगून सांगून ती घरी आल्यावर खरं बोलत असे.

“वय आहे तिचं,” ती म्हणाली.

“माझंही आहे.”

“तुमचं गेलं.”

“मी काय लाज वाटण्यासारखा माणूस आहे का, तूच सांग.”

बायकोनं त्यांना एकदा वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. “शर्ट बदला,” ती म्हणाली.

मास्तरांनी शर्ट बदलला. कोपरा बदलला नाही. पालकसभेला बायको जात असे. स्नेहसंमेलनाला मास्तरांना परवानगी होती, पण शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे. तिथून त्यांना बटण नाचताना एका हाताएवढी दिसली होती. तो एक हात फारच छान नाचला, असं त्यांनी घरी येऊन मनापासून सांगितलं होतं. त्यांना फार काही नको होतं. एकदा, नुसतं एकदा, गाडी गेटपाशी न्यावी, मुलीनं माणसासारखं दार उघडून उतरावं, आणि जाताना चारचौघांत ‘येते, बाबा’ म्हणावं. एवढं मिळालं असतं तर पुढे कॉलेजपर्यंत ते कुठल्याही कोपऱ्यावर थांबायला तयार होते.

अशातच एके दिवशी एक फोन आला.

“माझ्या ओळखीच्या एक व्यक्ती आहेत,” बाईचा करारी आवाज म्हणाला. “त्यांना गाडी शिकायची आहे. त्यांचं वय थोडं जास्त आहे, पण ग्रहणशक्ती उत्तम आहे. मात्र त्यांना शिकताना कुणी पाहता कामा नये.”

“व्यक्तींना कुठून घ्यायचं?” मास्तरांनी विचारलं.

“शाळेच्या अलीकडे एक गल्ली आहे. तिच्या तोंडाशी लाँड्री आहे. त्या कोपऱ्यावर या.”

दुपारी मास्तर पोचले तेव्हा व्यक्ती लाँड्रीच्या खांबाला चिकटून, वर्तमानपत्रात तोंड खुपसून उभ्या होत्या. वर्तमानपत्र खाली आलं. या त्याच होत्या. स्नेहसंमेलनात खांबाच्या कडेनं दिसलेल्या, गेल्या वर्षीच बदलून आलेल्या, बटणाच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. सगळी शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणायची, आणि म्हणताना आधी शर्टाची कॉलर नीट करायची.

मोठ्या बाईंनी मास्तरांना अर्थातच ओळखलं नाही. त्या घाईघाईनं गाडीत शिरल्या आणि दार लावताच डॅशबोर्डखाली वाकल्या. लाँड्रीवाल्यानं हेही पाहिलं. सकाळी या गाडीतून सीटखालची मुलगी बाहेर येते आणि दुपारी मोठी बाई सीटखाली जाते, यावरून त्यानं मास्तरांविषयी काय मत बनवलं, ते समजायला मार्ग नाही. त्या दिवशी त्याच्या हातून एक बाही मात्र करपली.

मास्तरांची आता दोन्हीकडून कोंडी झाली. मुलीला शब्द दिलेला की मी तुझा बाप आहे हे शाळेत कुणाला कळणार नाही. बाईंना शब्द दिलेला की तुम्ही शिकताय हे शाळेतल्या कुणाला कळणार नाही. एकाच गाडीत एकीला सकाळी आणि एकीला दुपारी लपवून ते बिचारे मध्येच उघड्यावर बसलेले.

मोठ्या बाईंची ग्रहणशक्ती उत्तम होती, पण ती हातापायांपर्यंत पोचत नव्हती. शिवाय रस्त्यात गणवेश दिसला की त्या स्टिअरिंगखाली गडप होत.

“बाई, चालवताना खाली वाकायचं नाही.”

“अहो, पाचवी ब आहे ती!”

“असू द्या. पण ती रस्त्यात आहे.”

ब्रेक मास्तरांनीच दाबला. पाचवी ब आनंदात पलीकडे गेली.

त्या मास्तरांना नुसतं ‘अहो’ म्हणत. बाकीचे शिकणारे सर म्हणत, मास्तर म्हणत, एक कापडवाला तर गुरुजी म्हणे. पण मोठ्या बाईंना सगळा जन्म लोकांनी पायांकडे बघत हाक मारलेली. आपण कुणाला सर म्हणायचं हे त्यांच्या जिभेला वळतच नव्हतं.

“घरी कोण कोण असतं?” एकदा त्यांनी इंडिकेटरऐवजी वायपर लावत विचारलं.

“मी, बायको, मुलगी.”

“मुलगी कितवीत?”

“सातवीत.”

“अरे वा. फार नाजूक वय. या वयात घरच्यांनी अतिशय खंबीर राहायला हवं. कोणत्या शाळेत?”

“पुढे सायकल,” मास्तर म्हणाले.

“कुठे?”

“येईल.”

खरा प्रश्न पुलाचा होता. पुलावर चढ होता, चढावर सिग्नल होता, आणि तो लाल असे. हिरवा झाला की हँडब्रेक सोडून, क्लच अर्धा वर आणून गाडी हलकेच उचलायची, एवढंच करायचं होतं. पण मोठ्या बाई क्लच अशा सोडत की जणू तो वर्गात बोलताना सापडलेला आहे. गाडी एक उडी मारून बंद पडे. मागच्या गाड्या बोंब मारत. मोठ्या बाई काच खाली करून मागच्या रांगेला ‘शांत बसा’ म्हणत, आणि आश्चर्य म्हणजे रांग थोडा वेळ बसे.

“हात कसा काढतो आपण,” मास्तरांनी त्यांचं ठेवणीतलं वाक्य काढलं, “झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून? तसा क्लच सोडायचा. बाळ जागं होता कामा नये.”

हे वाक्य त्यांना कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. बटण तान्ही असताना त्यांच्या दंडावर झोपायची, आणि त्यांचा हात मुंग्यांनी भरून जायचा. त्या काळात ते शिकवण्यात एकदम तरबेज झाले होते.

“मला मूल नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या. दुःखानं नव्हे, पाठ्यपुस्तकातली चूक दाखवून द्यावी तशा. “आणि मी कुणाच्या डोक्याखाली हात घालत नाही.”

गाडी बंद पडली.

असे कितीतरी दिवस गेले. मोठ्या बाई पुलावर हरत राहिल्या आणि मास्तर कोपऱ्यावर थांबत राहिले. दोघांचीही प्रगती सारखीच होती.

मग एका दुपारी सिग्नल हिरवा झाला आणि गाडी उठली. उडी नाही, आचका नाही. लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली. मास्तरांचा पाय सवयीनं स्वतःच्या क्लचवर जाऊन पोचला होता, तो त्यांनी हळूच मागे घेतला. मोठ्या बाईंचे ओठ हलत होते.

“काय म्हणताय, बाई?”

“डब्याचं झाकण,” मोठ्या बाई पुटपुटल्या. “डब्याचं झाकण… डब्याचं झाकण…”

पूल उतरल्यावर मास्तरांनी गाडी कडेला घ्यायला लावली.

“हे झाकण कुठून आलं?”

मोठ्या बाई थोड्या लाजल्या. त्यांना लाजण्याचीही सवय नव्हती, त्यामुळे त्या आधी रागावल्यासारख्या दिसल्या.

“आमच्या सातवीत एक मुलगी आहे. मधल्या सुट्टीत वर्गात चार खुर्च्या मांडते. पुढे दोन, मागे दोन. छत्रीचा गिअर. जेवणाच्या ताटाचं स्टिअरिंग. खाली फळा पुसायचे डस्टर, ब्रेक आणि क्लच म्हणून. आणि मुलांना एकेकाला बसवून गाडी शिकवते. ही भली मोठी रांग असते. मला बाहेरून आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी पकडायला गेले होते.”

“मग?”

“मग दाराआड उभी राहिले.” त्यांनी घसा साफ केला. “रोज उभी राहते. ती स्वतः स्टिअरिंगपाशी बसत नाही. शेजारी बसते. तिच्या पायाशीसुद्धा एक डस्टर असतं. कुणी चुकलं की आपलं डस्टर दाबते. एक मुलगा फार घाबरला होता, तर त्याला म्हणाली, गाडीला घाबरू नकोस, गाडी तुला जास्त घाबरलेली आहे.”

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक भिंत होती. ती त्यांनी नीट पाहिली. हे वाक्य ते रोज प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगत.

“आणि झाकण?”

“हां. क्लच सोडायला सांगताना आधी म्हणाली, झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून… तेच तुमचं. सगळेच बहुधा तसं शिकवत असतील. मुलांना काही कळेना. मग ती जराशी थांबली आणि म्हणाली, बरं, तास चालू आहे, बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या आहेत, भूक लागलीये, आणि डब्याचं झाकण उघडायचंय. कसं उघडाल? तसा सोडा.” मोठ्या बाईंचा चेहरा उजळला. “अहो, पस्तिशी उलटायच्या आधीपासून मी ती झाकणं ऐकत आलेय! पाठ फिरवलेली असताना मला सांगता येतं, कोण घाईनं उघडतंय आणि कोण मुरलेला आहे ते. मुरलेला मुलगा आवाज होण्याच्या बरोब्बर आधी थांबतो. तिथे थोडा वेळ धरून ठेवतो. तोच तुमचा हाफ क्लच!”

मास्तरांना ते वाक्य सुचायला हवं होतं. इतकी वर्षं शिकवत होते, आणि सुचलं नव्हतं.

“निघायचं?” मोठ्या बाईंनी आरसा बघितला, इंडिकेटर दिला, वायपर लागले नाहीत. गाडी छान निघाली. “एका मुलानं तिला विचारलं, तुला कुणी शिकवलं? तर म्हणाली, या शहरातले सगळ्यात चांगले सर आहेत, त्यांनी. माझ्या ओळखीचे आहेत.”

गाडी भर रस्त्यात गचकन थांबली.

“काय झालं?” मोठ्या बाई किंचाळल्या. “मी काय केलं?”

“काही नाही. मांजर.”

“कुठंय?”

“गेलं,” मास्तर म्हणाले आणि पाय ब्रेकवरून काढायला विसरले.

घरी त्यांनी बायकोला स्वयंपाकघरात गाठून कुजबुजत सगळं सांगितलं, खुर्च्या, छत्री, डस्टर, आणि ‘ओळखीचे’ हा शब्द दोनदा.

“तिला यातलं बोलू नका,” बायको म्हणाली. “बंद करेल.”

“मी कशाला बोलतोय?” मास्तर म्हणाले, आणि जेवताना बोललेच. “काय ग बटण, क्लच सोडायचा तो कसा?”

बटणानं घास अर्ध्यात थांबवला. “मला काय विचारतोस? सर तू आहेस.”

“नाही, सहज.”

“बाबा, तुला बरं वाटतंय ना?”

“उत्तम.”

“मग हसतोयस काय एकटाच?”

दुसऱ्या दिवसापासून मास्तर सगळ्यांना डब्याचं झाकण शिकवू लागले. कापडवाला गुरुजी-गुरुजी करत पहिल्या फटक्यात पूल चढला. सकाळी मात्र पेट्रोल पंप आला की आरशातलं डोकं पूर्वीसारखंच खाली सरकत होतं. ओळखीचे सर वेगळे, आणि नापास काका वेगळे. मास्तर आता त्यालाही हसू लागले होते. पण पंप आला की हसू जरा आखूड होई.

आणि मग त्या सकाळी पंप आला, मागे पडला, आणि डोकं जागच्या जागी राहिलं.

मास्तरांनी आरशात पाहिलं. बटण ताठ बसून वेणीची रिबन बांधत होती. रस्त्यावर काय होतं, काय नव्हतं, कोण आडवं आलं, मास्तरांना नंतर काहीही आठवलं नाही. गल्लीत वळायचं म्हणून त्यांनी इंडिकेटर दिला.

“सरळ घे,” मागून आवाज आला.

“म्हणजे?”

“सरळ, बाबा. गेटपाशी.”

मास्तरांनी गाडी सरळ घेतली. इंडिकेटर बंद करायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते एका बाजूला वळायचं कबूल करून सरळ निघाले होते, आणि टक टक टक करत गेटपाशी पोचले.

गेटवर उशिरा येणाऱ्यांना पकडायला खुद्द मोठ्या बाई उभ्या होत्या. पिवळी गाडी थेट आपल्यासमोर येऊन थांबलेली पाहताच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या तरातरा खिडकीशी आल्या आणि वाकून, ओठ न हलवता म्हणाल्या, “अहो, इथे काय? आपलं लाँड्रीपाशी ठरलंय! आणि तेही दुपारी!”

मागची काच खाली गेली.

“गुड मॉर्निंग, बाई,” बटण म्हणाली.

मोठ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग मास्तरांकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे.

“ही तुमची?”

“हो,” मास्तर म्हणाले.

“म्हणजे ते झाकण…”

“तिचंच.”

“कसलं झाकण?” बटण म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले. “बाई, तुम्ही ऐकलंत? बाबा, तुला माहीत होतं?”

एवढ्यात गाडीभोवती घोळका जमला होता. निळी टोपी पुढे होती, बिननाडीचा तिच्या मागे.

“नापास काका आले रे!” निळी टोपी ओरडली. मोठ्या बाई खिडकीत वाकलेल्या असल्यामुळे तिला दिसल्या नव्हत्या. “या वर्षी तरी होणार का पास?”

मोठ्या बाई सरळ झाल्या. त्या जसजशा सरळ होत गेल्या तसतसा घोळका गप्प होत गेला, आणि त्या पूर्ण उंच झाल्या तेव्हा रस्त्यावर फक्त इंडिकेटरची टकटक ऐकू येत होती.

“काय म्हणालास?”

“काही नाही, बाई.” टोपी डोक्यावरून हातात आली होती. “ते मागे लिहिलंय… शिकाऊ.”

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. पदरानं पुसला. पुन्हा घातला. त्या काहीही म्हणाल्या असत्या तरी मास्तरांनी समजून घेतलं असतं; पत्ता चुकलाय म्हणाल्या असत्या तरी.

“ते माझ्यासाठी लिहिलंय,” मोठ्या बाई म्हणाल्या. “गाडी मी शिकते आहे. कितीतरी वेळा पुलावर बंद पाडलीये, पाचवी ब थोडक्यात वाचली आहे. आणि हे,” त्या क्षणभर अडखळल्या, जिभेला वळण द्यायला लागलं, “हे माझे सर आहेत.”

बिननाडीच्याचं तोंड उघडं राहिलं. मोठ्या बाईंना सर असतात, ही गोष्ट त्याच्या कल्पनेतच बसत नव्हती.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. वीतभर नव्हे, पूर्ण. बटण उतरली, दार लावून वळली आणि मोठ्या बाईंच्या नि गाडीच्या मध्ये येऊन उभी राहिली.

“माझे बाबा आहेत ते,” ती म्हणाली. “आधीपासून.”

“हो, हो,” मोठ्या बाई चटकन म्हणाल्या. “ते तर आहेच.”

मग एकच गिल्ला झाला. पुढे दोन ब्रेक आहेत हे खरं का, दोघांनी एकदम दाबला तर काय होतं, छत्रीच्या जागी खरा गिअर कसा दिसतो. मुलं खिडक्यांतून आत घुसली. निळ्या टोपीनं नम्रपणे विचारलं, “काका, मी तो तुमचा वाला ब्रेक दाबून बघू?” शाळेची घंटा झाली. उशिरा येणाऱ्यांना पकडायचं ज्यांच्याकडे होतं त्या मोठ्या बाई स्वतः डोकं आत घालून, बटण मुलांना सांगत होती ते हाफ क्लचचं ऐकत होत्या.

सगळे पळाले. बटण गेटातून आत शिरली, थांबली, वळली.

“येते, बाबा,” ती ओरडली. आणि मग, “हॉर्न! छोटासा. एकच.”

मास्तरांनी वाजवला. तो छोटा झाला नाही. एकच तर मुळीच झाला नाही.

संध्याकाळी बायको लॅबमधून आली तेव्हा मास्तर दारातच उभे होते. ती सवयीनं कोपरांपर्यंत हात धूत असताना त्यांनी सगळं सांगितलं, हावभावांसकट. मोठ्या बाई झाले, टोपी झाले, बिननाडीचा झाले. ‘सरळ घे’ तीनदा सांगितलं.

“आतून आलं ते तिच्या,” मास्तर म्हणाले. “कळली तिला बापाची किंमत. मी एक शब्द बोललो नव्हतो.”

“लाँड्रीची गल्ली काल संध्याकाळपासून बंद आहे,” बायको हात पुसत म्हणाली. “पाइप टाकतायत. केवढा मोठा लाल फलक लावलाय तोंडाशी. दिसला नाही तुम्हाला?”

मास्तरांनी वळून आतल्या खोलीकडे पाहिलं.

“तिला माहीत होतं?”

“काल मलाच विचारत होती, आता काय करू म्हणून. मी म्हटलं, पेट्रोल पंपापाशी उतर आणि चालत जा.”

“मग?”

“म्हणाली, दप्तर जड आहे.”

आतल्या खोलीत बटण कुणाला तरी फोनवर गिअर समजावून सांगत होती. दप्तर दाराशी, चपलांच्या शेजारी पडलं होतं. मास्तर तिथे गेले, आत कुणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि त्यांनी ते एका हातानं उचललं.

खरंच जड होतं.